न दिसणाऱ्या रफूचा फोटो

मित्रांनो, मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. तळहातात मावणारा, दुकानाच्या सर्वांत खालच्या फळीवरचा. मला विकत घेताना कोणी कौतुक केले नाही. "कामापुरता आहे," एवढेच म्हणून मला पिशवीत टाकले. पण आज मी ताठ मानेने तुमच्याशी बोलतो आहे, आणि त्याला तसेच कारण आहे.

मला घेतले एका रफूवालीच्या सुनेने. सासूबाई फाटके कापड असे जुळवत, की भोक कुठे होते ते शोधून सापडू नये. पण हल्ली कपडा फाटला की लोक टाकूनच देत. त्यांच्या रफूच्या दुकानाकडे कोणी फिरकत नसे. अशात परगावच्या एका नाट्यगृहाने कळवले, की त्यांचा जुना मखमली पडदा ठिकठिकाणी विरला आहे. रफू करणाऱ्यांनी आपल्या कामाचे दोन फोटो पाठवावेत, एक आधीचा आणि एक नंतरचा. सासूबाई म्हणाल्या, हे काम मिळाले तर बरे, नाहीतर दुकानाला कुलूप. त्यांनी ते सहज म्हटल्यासारखे म्हटले, पण सुनेने त्याच दिवशी मला विकत आणले.

नमुन्यासाठी सासऱ्यांचा करड्या लोकरीचा कोट निवडला. खिळ्याला अडकून त्याची बाही फाटली होती. संध्याकाळी सुनेने दिवा लावला, मला हातात धरले आणि फ्लॅश मारला. फोटोत नुसता पांढरा झोत, मध्ये शाईसारखा ठिपका. लांबून झूम केला, तर लोकरीचा पार लगदा झाला. तिचा हात हलला की मीही हलायचो. शेवटी तिने मला टेबलावर आपटले. त्या धक्क्याने चहाचा कप कलंडला आणि कोटाच्या बाहीवर चहाचे तीन टपोरे थेंब उडाले.

"स्वस्तातला घेतला, आता भोगा," ती म्हणाली.

सासूबाईंचा पारा चढला. "नाचता येईना, अंगण वाकडं. तेलकट बोटं त्याच्या काचेला लावतेस आणि वर दोष त्यालाच देतेस? आणि असल्या उजेडात मी तरी कधी रफू करते का?"

मित्रांनो, माझी बाजू घेणारे जगात कोणी आहे, हे मला त्या दिवशी कळले. मला फार बरे वाटले.

सुनेला ते लागले, पण पटलेही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने माझी काच मऊ मलमलीने पुसली. फ्लॅश बंद केला. कोट खिडकीशी मांडला, उजेड बाजूने येईल असा. माझ्यावरची, अगदी जवळून फोटो काढण्यासाठी असते ती फुलाची खूण निवडली आणि झूम न करता मलाच कापडाजवळ नेले. सासूबाईंनी बटणांची पिशवी पुढे सरकवली, तिच्यावर मी गादीवर टेकावे तसा टेकलो. बटण दाबताना मी हलू नये म्हणून तिने टायमर लावला आणि हात काढून घेतला. आणि काय सांगू! प्रत्येक धाग्याची सावली दिसत होती. तुटलेली टोके मोजून घ्यावीत इतकी स्पष्ट. आपल्यात एवढे बळ आहे, हे मलाही ठाऊक नव्हते.

तेवढ्यात सुनेला चहाचे डाग आठवले. ती कोट धुवायला निघाली, पण सासूबाईंनी अडवले. आता ओले केले तर लोकर फुगेल, फोटो झाल्यावर धू, असे त्यांनी बजावले. मग त्यांनी माझी आणि कोटाची जागा खडूने आखून ठेवली. रफू झाल्यावर त्याच जागी, दुपारच्या त्याच वेळी, तसाच दुसरा फोटो मी काढला.

फोटो गेले आणि व्यवस्थापकांचा फोन आला. सुनेने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"बाई, दुसरा फोटो दुसऱ्याच कोटाचा दिसतोय," ते म्हणाले. "रफूचा मागमूसही नाही त्यात. असली लबाडी आम्हाला चालत नाही."

सासूबाई खाली बसल्या. उभ्या आयुष्यात त्यांना कोणी लबाड म्हटले नव्हते. काम इतके चांगले झाले होते, की तेच त्यांच्या अंगाशी आले.

सून मात्र शांत होती. "दोन्ही फोटो शेजारी ठेवा," ती म्हणाली. "डावीकडे खाली चहाचे तीन थेंब आहेत बघा. ते मी सांडलेत."

पलीकडून माउसची टिकटिक ऐकू येऊ लागली. मी श्वास रोखला. माझा फोटो जरासा जरी हलला असता, तर त्या डागांचे नुसते ढग दिसले असते. पण मी हललो नव्हतो.

"तिन्ही तेच आहेत," व्यवस्थापक हळूच म्हणाले. "अगदी दातेरी कडांसकट. बाई, मला माफ करा. पडदा तुमच्याकडेच पाठवतो."

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी डोळे पुसले आणि सुनेला म्हणाल्या, "सांडलवंडीचा सुद्धा उपयोग असतो म्हणायचा." मग दोघी इतक्या हसल्या, की सासरे आतून बघायला आले.

पडदा रफू होऊन परत टांगला गेला, तेव्हा सासूबाई, सून आणि मी असे आम्ही तिघेही तिथे होतो. व्यवस्थापकांनी विचारले, नेमके कुठे कुठे विरले होते? सासूबाई म्हणाल्या, आता मलाच चष्मा लावून शोधावे लागेल. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यातल्या निम्म्या माझ्या होत्या, असे मी धरून चालतो.

आता दुकान गजबजलेले असते. काचेमागे माझे ते दोन फोटो लावले आहेत आणि चहाचे डाग सगळ्यांना दिसतात. मित्रांनो, तुमच्याही घरी खणात माझा एखादा भाऊबंद पडला असेल. त्याला बाहेर काढा. त्याची काच हळुवार पुसा, त्याला टेकायला काहीतरी द्या आणि खिडकी उघडा. मग त्याला काय दिसते ते बघा.