बाद झालेला गडी घरी जातो

पंचेचाळीस हे लई हरामखोर वय हाय. कुणी काय बी म्हणो. पारावर जाऊन बसावं तर तिथले म्हातारे म्हणतेत, "जैनोद्दीन, तुझं काय वय झालंय का रे इथं बसायचं? हातपाय धड हायत, कामाला लाग." शाळंमागच्या पटांगणावर जावं तर पोरं म्हणतेत, "चाचा, जरा रेघंच्या बाजूला व्हा, लागंल तुमाला." मग माणसानं जावं कुठं? घरी. आन घरी कोण हाय? कुणी न्हाय.

मी नालबंद. येरमाळ्यात मोटारी थांबतेत त्याच्या पल्याड एक चिंच हाय, तिच्याखाली माझी जागा. बैल पाडायचा, चारी पाय बांधायचे, खूर तासायचे आन नाल ठोकायचे. पैल्यांदा बार्शीच्या बाजाराला निघालेल्या गाड्या माझ्यापुढं रांग लावायच्या. आता लाऱ्या झाल्या, एस्टी झाली, दिवसाला दोन जोड्या आल्या तर अल्लाची मेहरबानी. लोकांना वाटतं बैल पाडायला जोर लागतो. जोर न्हाय लागत. कासरा कुठून कुठं घ्यायचा आन बैलानं पाय उचलला की कोणत्या घडीला वडायचा, एवढंच त्यात हाय. ते माझ्या बापानं मला शिकवलं.

तीच घडी मला हुतुतूत कामाला आली. चढाईला आलेला गडी पाय टाकून माघारी वळायला लागला, की बरोबर तवा त्याचा घोटा धरायचा. मग तो पैलवान असू दे न्हायतर पैलवानाचा बाप, जागच्या जागी बसलाच पायजे. वीस वर्षांमागं कळंब, वाशी, पार भूम गावापतूर माझी पकड माहीत व्हती. बढाई मारत न्हाय. शंकरप्पाला इचारा.

शंकरप्पा म्हंजे तवाचा आमचा चढाईचा गडी. हरणावानी पळायचा. आता त्याचं किराणाचं दुकान हाय, आन गादीवरून उठताना आदी पोट उठतं, मग शंकरप्पा उठतो. कोपऱ्यात माझ्या हातात हात घालून खाजाभाई उभा राह्यचा. तो निजामावर पोलिस ॲक्शन झाली त्या साली बायकापोरं घिऊन हैदराबादला गेला. "महिन्या-दोन महिन्यांत येतो, जैनू," म्हणला. त्याला अकरा वर्षं झाली. आदी पोस्टानं खत यायचं, मग ईदला यायचं, मग ते बी बंद पडलं. माझी बायको सायराबी चार वर्षांमागं तापात गेली. एकच लेक, ताहेराबी, ती परळीला दिली. असा सगळा हिशोब हाय माझ्या घरचा. सांजच्याला दोन भाकरी थापतो, एक खातो, एक सकाळच्याला चहात बुडवतो.

औंदा सव्वीस जानेवारीला वाशीच्या आन आमच्या गड्यांचा सामना ठरला. गुरुलिंग मास्तर म्हणून उमरग्याकडचा एक तरणा मास्तर शाळेवर आलता, त्यानं हे सगळं काढलं. हुतुतू म्हणायचं न्हाय म्हणं, कबड्डी म्हणायचं. म्हणा बाबांनो. पोरं रोज सांजचं पटांगणावर घुमायची आन मला चिंचंखालून दिसायची. धरायची रीत एकालाबी ठाऊक न्हाय! समद्यांनी मिळून अंगावर पडायचं, खळ्यावर कडबा टाकतेत तसं. माझे हात नुसते वळवळायचे.

खरं सांगतो, शरम कशाची. मला एकदा खेळायचं व्हतं. एकदाच. कुणीतरी येऊन म्हणावं, चाचा, चला, तुमच्याबिगर जमत न्हाय. आपल्या तोंडानं म्या म्हणलं नसतं, जीव गेला तरी. पण पंधरा दिवस रोज लंगोट धुऊन वाळत घालत व्हतो. कशाला, ते इचारू नका.

आन सव्वीस तारखेच्या सकाळीच बब्रुवान आला. हा आमच्या बाजूचा म्होरक्या, चोवीस-पंचवीसचा, पोरगा गुणाचा. म्या एका खोंडाचं खूर तासत व्हतो.

"चाचा, हणमंतप्पाचा पाय हिरीवर मोटंच्या धावंवर मुरगळला. एक गडी कमी पडायलाय."

"मग?" म्या खुरावरची नजर काढली न्हाय.

"तुमी येताव का?"

"माझं वय बघ. इचारायला लाज न्हाय वाटत?"

त्याचं तोंड पडलं. "बरं, दुसरं कुणी बघतो," म्हणला आन वळला की वो! येडं बेणं! मोठ्या माणसानं एकदा न्हाय म्हणलं की दुसऱ्यांदा इचारायचं असतंय, एवढं बी ह्यांना कुणी शिकवलं न्हाय. शेवटी मलाच हाक मारावी लागली.

"अरं थांब की! म्या न्हाय म्हणलंय का?"

तो हसला. माघारी आला, उकिडवा बसला. "पण चाचा, खेळ आता पैल्यासारखा राह्यला न्हाय. मास्तरांनी नियमाचं पुस्तक मागवलंय. गडी बाद झाला ना, की..."

"गप रं. तू पाळण्यात व्हतास तवा म्या वाशीचे गडी रेघंवर आडवे केलेत. मला हुतुतू शिकवतो?"

"तसं न्हाय, बाद झालेला गडी..."

"मी बाद झालो तर ना!"

पोरगं पुन्हा हसलं आन गेलं. म्या खोंडाला आठ नालांच्या वर एक नववा ठोकला असता, एवढा खूश झालतो. मालकाला म्हणलं, जा बाबा, आज पैसं ऱ्हाऊ दे. घरी गेलो, दाढी केली, अंगाला तेल लावलं. गुडघ्याला जरा जास्त लावलं.

दुपारी तीनला पटांगणावर निम्मा येरमाळा जमला व्हता. चुन्याच्या रेघा मारल्या व्हत्या. आमच्या काळात टाचंनं रेघ वडायची आन तिच्यावरून भांडायचं. मी उघड्या अंगानं आत गेलो तसं कुणीतरी वरडलं, "चाचा आले, बैल आणा रं!" लोक हसले. मला राग आला न्हाय, उलट बरं वाटलं. शंकरप्पा दुकान बंद करून आलता. त्यानं लांबून आवाज टाकला, "जैनू, कंबर सांभाळ!"

शिट्टी झाली. वाशीचा एक उंचापुरा गडी आत आला. मला बघून त्याला वाटलं असणार, हे जनावर म्हातारं हाय, ह्यालाच हात लावून जावं. आला जवळ. म्या डोळं त्याच्या पायावर ठिवलं. तो वळला, डावा पाय मागं राह्यला, आन म्या घोटा धरला. बास. खाली बसला. बाकीची पोरं मग पडली त्याच्या अंगावर, पण तो माझा व्हता, सगळ्या पटांगणानं बघितलं.

काय आरडाओरडा झाला म्हणता! टोप्या उडाल्या. बब्रुवाननं माझ्या उघड्या पाठीवर थाप मारली, दुसऱ्यानं मारली, तिसऱ्यानं गळ्यात हात टाकला. चार वर्षांत माझ्या पाठीवर माणसाचा हात पडला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आन म्या ते घाम म्हणून पुसलं.

जरा वेळानं त्यांचा दुसरा गडी आला. बुटका, चलाख. म्या म्हणलं, ये बाबा. तसंच डोळं पायावर, तशीच घडी, आन म्या झेप टाकली. पण ह्या भाड्याच्या गुडघ्यानं दगा दिला. हात घोट्यावर पडायच्या जागी मातीवर पडला, तोंडात चुना गेला, आन तो बुटका माझ्या पाठीला पाय लावून रेघंवर पोचला बी. शिट्टी. मी बाद. आमच्या बाजूचा पैला गडी, आन तो मी.

लोक पुन्हा हसले. आता ते हसणं येगळं लागलं. बब्रुवान म्हणला, "चाचा, असू द्या, तिकडं रेघंमागं बसा." बसा म्हणं! आमच्या काळात बाद झालेला गडी बसत नव्हता. एकदा बाद झाला की एक बाजू पुरी संपस्तोवर त्याचा खेळ संपला, आन आमच्या येरमाळ्याची रीत अशी, की त्यानं सदरा खांद्यावर टाकायचा आन नीट घरी जाऊन आंघोळ करायची. रेघंला बसून बघत राह्यला तर बाजूला नाट लागती. लंगड्या मेंढरासारखं बसून ऱ्हायचं न्हाय. शंकरप्पा, खाजाभाई, समद्यांनी ही रीत पाळली. म्या सदरा उचलला, वर बघितलं न्हाय, आन गर्दीतनं वाट काढून निघालो. कुणी आडवलं न्हाय. समद्यांचे डोळे खेळावर व्हते.

घर काय लांब न्हाय, शाळंच्या भिंतीपासून दहावं दार. चूल पेटवली, पाणी ठिवलं. गुडघा सुजला व्हता. म्या स्वतःला लई शिव्या दिल्या. म्हणलं, जैनोद्दीन, कशाला गेलतास रं? कुणी शपथ घातली व्हती? हणमंतप्पाच्या जागी लाकडाचा ओंडका उभा केला असता तर तो ह्यापरीस बरा.

तेवढ्यात पटांगणाकडनं मोठा गलका उठला. लई मोठा. शब्द कळत नव्हता, नुसता आवाज, आन तो थांबंचना. मला वाटलं, आपली पोरं जितायलीत. म्हातारं गेलं, पीडा गेली, आता रंगला खेळ. माणूस किती हलकट असतंय बघा. आपल्याच गावची पोरं जितायलीत म्हणून मला आनंद व्हायचा, तर मला ते ऐकवंना. म्या उठलो, दार लावलं, कडी घातली आन आंघोळीला बसलो.

दिवस मावळायला बब्रुवान आला. म्या कडी काढली. त्याच्या कोपराचं कातडं सोललं व्हतं, तोंड मातीनं भरलेलं. तो उंबऱ्यावरच बसला.

"चाचा, तुमी कुठं गेलता?"

"कुठं जाऊ? बाद झालो, घरी आलो. जितलाव का?"

"हरलाव."

"हरलाव? मग एवढा गलका कशाचा व्हता..." म्हणता म्हणता मी थांबलो. त्यानं ध्यान दिलं न्हाय.

"चाचा, तुमी बाद झालाव, पण मग उठलाव की! नव्या नियमात गडी उठतो. त्यांचा एक आपण धरला की आपला एक उठतो, पुन्हा आत येतो. पैला बाद झालेला पैला उठतो. तुमच्यामागनं सात-आठ चढाया मोकळ्याच गेल्या, मग म्या त्यांचा गडी मारला. तुमी उठलाव. बघतो तर तुमी न्हाय."

"मग दुसऱ्याला घ्यायचं!"

"नंबर तुमचा. मास्तर म्हणले, ज्याचा नंबर तोच आत येणार, त्याच्या मागच्याला येता येत न्हाय. म्होरं आमी त्यांचे गडी मारत ऱ्हायलाव, पण आपला एक बी उठंना. शेवटाला मी एकटा राह्यलो व्हतो."

माझं डोकं भडकलं. "मग आदी सांगायला काय झालतं? तोंड शिवलं व्हतं?"

पोरगं मान खाली घालून कोपर फुंकत बसलं. सकाळी चिंचंखाली उकिडवं बसून ते काय सांगायलं व्हतं, आन त्याचं तोंड कुणी गप केलं, ते मला ठाऊक व्हतं. माझा राग उतरला. मी त्याच्याजवळ भुईवर बसलो.

"कुणी हुडकलं का मला?" म्या इचारलं.

"हुडकलं का म्हंजे?" त्यानं वर बघितलं. "मास्तरांनी शिट्टी मारून खेळ थांबवला वो. हातातलं घड्याळ बघत पुरी दोन मिन्टं उभे व्हते. सगळं पटांगण तुमच्या नावानं वरडत व्हतं. जैनूचाचा, जैनूचाचा. वाशीचे लोक बी वरडायले. शंकरप्पाकाका तुमाला आणायला पळाले, पण त्यांना दम लागला, भिंतीजवळच मटकन बसले."

भिंतीपासून दहावं दार. गुडघा सुजलेला असला तरी दोन मिन्टात मी पोचलो असतो. पळत गेलो असतो तर एका मिन्टात.

"एवढं बोलावलं, चाचा," बब्रुवान म्हणला. "तुमाला ऐकू आलं न्हाय का?"

"न्हाय," म्या म्हणलं. "दार लावलेलं व्हतं."