टेबलाची ती बाजू

नाकातले केस. मामा आधी तेच बघतात.

पडद्याचं कापड उरलं होतं. निळं, त्यावर बारीक पिवळे चौकोन. मामींनी त्याचे टाय शिवले.

जमिनीला बोल्टनं बसवलेला स्टूल उचलता येत नाही. हे कळायला काही जणांना दोन्ही हात लावून बघावं लागतं.

"माझा एकच दोष आहे, सर. मी कामात स्वतःला विसरतो."

रुग्णालयाच्या चादरी धुण्याच्या मोठ्या यंत्राला दोन दारं असतात. मळकी चादर भिंतीच्या या बाजूनं आत जाते, धुतलेली त्या बाजूनं बाहेर येते. मळक्या बाजूचा माणूस चुकून त्या बाजूला गेला, तर आधी त्याला बाहेर काढतात.

"पुढचा!"

आता नीट सांगते.

मामा टाइपरायटर दुरुस्त करायचे. टाइपरायटर संपले, तेव्हा त्यांनी माणसं दुरुस्त करायला घेतली. बाहेरच्या खोलीच्या दारावर फलक लागला: 'मुलाखतीत टाळायच्या चुका.' माझं कॉलेज संपलं आणि नोकरी लागेपर्यंत म्हणून मी त्यांच्याकडे राहायला आले. मामांनी मला टेबलामागच्या एकुलत्या एक गादीच्या खुर्चीत बसवलं आणि साहेब केलं. पाण्याच्या भांड्यात माशी पडावी तसं उमेदवाराकडे बघायचं, एवढंच माझं काम. ते मला छान जमतं. अभिनय करावा लागत नाही.

वर्गाला येणारे लोक बघितले असते तर तुम्हालाही जमलं असतं. दार ठोठावायला सांगितलं तर आत आल्यावर ठोठावणारे. 'पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल' विचारलं तर घराचा पत्ता सांगणारे. आणि त्यांच्यापुढे मामा, हातात पट्टी, डोक्यात हवा.

"खुर्ची ओढायची नाही! दोन्ही हातांनी उचलायची, वीतभर मागे ठेवायची, मग बसायचं. खुर्चीचा आवाज आला की नोकरी गेली. काय?"

"गेलीऽऽ," सगळे एका सुरात.

ही पोपटपंची मी रोज ऐकायचे. मग रुग्णालयाचे कपडे धुणाऱ्या कारखान्याची जाहिरात आली. कामाच्या पाळीवर पर्यवेक्षक पाहिजे, राहायला खोली मिळेल. खोली! माझी, फलक नसलेल्या दाराची.

"जा की," मामा म्हणाले. "नाहीच झालं तर वर्ग तूच चालव. माझा घसा हल्ली बसतो."

"मी फलकावर तुझंही नाव घालते," मामी म्हणाल्या. "त्या खुर्चीवर किती शोभतेस गं तू."

प्रेमानं म्हणाल्या. माझ्या अंगावर काटा आला. मुलाखतीला मी निघाले ती नोकरीसाठी कमी आणि त्या खुर्चीतून उठण्यासाठी जास्त.

कारखान्यात पोचले, तर बाकावर सगळे निळे-पिवळे टाय ओळीनं बसलेले. मामांनी जाहिरात अख्ख्या वर्गाला वाचून दाखवली होती. गुरूनं पक्षपात करू नये म्हणे.

ऑफिसला रंग चालला होता, म्हणून मुलाखती कँटीनमध्ये होत्या. दार काचेचं. आत लांब टेबल आणि दोन्ही बाजूंना जमिनीत ठोकलेले लोखंडी स्टूल. पलीकडच्या बाजूला तिघं: मधे केसांना जाळीची टोपी घातलेल्या कारखान्याच्या मुख्य बाई, एका हाताला हिशेबनीस, दुसऱ्या हाताला म्हातारे इंजिनियर.

आमचा पहिला टाय आत गेला. नमस्कार केला, वाकला, दोन्ही हातांनी स्टूल धरला आणि उपटू लागला. दुसऱ्यानंही तेच केलं. तिसऱ्यानं तर गुडघ्याचा जोर लावला. हिशेबनिसानं फाईल तोंडासमोर धरली होती आणि फाईल हलत होती.

तिसरा कंबर धरून बाहेर आला. "ताई, खुर्ची भारी जड आहे."

"खुर्ची नाहीये ती. आणि जड नाही, ठोकलेली आहे."

"मग उचलायची कशी?"

माणूस म्हणून जन्माला येण्यासाठी काहीतरी किमान परीक्षा असायला हवी.

माझ्या शेजारी घाम्या होता. नाव दुसरं काहीतरी असेल, आम्ही घाम्याच म्हणायचो. चाळिशीला टेकलेला. बुटांच्या दुकानात होता, दुकान बंद पडलं. त्याचा रुमाल सतत ओला असायचा.

"ताई, दोष कुठला सांगू? 'स्वतःला विसरतो' तिघांनीही सांगितला."

"घाम सांगा. तो तुमचा स्वतःचा आहे."

तो हसला. खरंच हसला, मोकळेपणानं. टोमणा मारल्यावर हसणारी माणसं माझ्या डोक्यात जातात.

मग मला बोलावलं.

दार ठोठावलं, बाहेरून. नमस्कार केला. स्टूलला हात लावला नाही. ताठ चालत गेले आणि टेबलाला वळसा घालून हिशेबनिसाच्या शेजारच्या रिकाम्या स्टूलवर बसले. कोपरं टेबलावर टेकली. समोरच्या मोकळ्या जागेकडे माशी बघितल्यासारखं बघितलं आणि म्हणाले,

"पुढचा!"

भिंतीपलीकडे यंत्र घरघरत होतं.

"तुम्ही कोण?" बाईंनी विचारलं.

"उमेदवार."

"मग तिकडे कोण बसणार?"

माझे कान तापले. उठायला गेले, तर बाईंनी हातानं थांबवलं. "बसलाच आहात तर बसा. बोलवाच पुढच्याला. काय विचारता बघू."

म्हातारे इंजिनियर खूश झाले. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. पर्यवेक्षक म्हणजे वचकच लागतो, आणि वचक म्हणजे मी.

घाम्या आत आला. मला त्या बाजूला बघून त्याचा चेहरा खुलला. घरचंच वाटलं असणार. त्यानं स्टूलला दोन्ही हात घातले, मी भुवई उचलली, त्यानं हात काढले आणि बसला.

"तुमचा दोष?"

"मी कामात स्वतःला..."

"तो झाला. दुसरा?"

रुमाल बाहेर आला. मला चव आली. वर्गात कधी न विचारलेला, जागच्या जागी सुचलेला प्रश्न मी काढला. त्याला पाडायलाच काढला.

"धुतलेली चादर बाहेर आली, तिच्यावर डाग आहे. गाडी दारात उभी. रुग्णालयाचा फोन वाजतोय. काय कराल?"

आता हा संघभावना, सकारात्मक दृष्टिकोन असलं काहीतरी बरळणार, म्हणून मी आधीच ओठ मुरडले.

"माहीत नाही, ताई."

"मॅडम."

"माहीत नाही, मॅडम. चादरीतलं मला काय कळतंय. दुकानात डागी जोड निघाला तर मी गिऱ्हाइकाला देत नव्हतो, मालक ओरडायचे." त्यानं मान पुसली. "यंत्रावर जी बाई असेल तिला विचारीन, असं आधी झालंय का. गाडी थांबवीन. फोन घेईन."

"आणि फोनवर काय अकलेचे तारे तोडाल?"

"उशीर होईल म्हणून सांगेन. दुसरं काय सांगणार?"

मी तिघांकडे वळून हसले: बघा, असले येतात. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. बाई काहीतरी लिहीत होत्या. इंजिनियरनी त्याला विचारलं, सोमवारपासून जमेल का. तो म्हणाला, दुकान बंदच आहे, आजपासून जमेल.

तो गेल्यावर मी टेबलाला वळसा घालून समोर बसले. स्टूल उंच होता, पाय टेकेनात. "आता मला विचारा," म्हणाले.

"आता कशाला," बाई म्हणाल्या. "प्रश्न छान विचारलात. पण तो तोंड उघडायच्या आधीच तुमचं तोंड वाकडं झालं होतं. आमच्या बायका पाळीभर उभ्या असतात. एखादीला डाग दिसला आणि ती तुमच्याकडे आली, तर तिला हाच चेहरा दिसणार. मग ती दाखवेल डाग? घडी घालून आत दडवेल आणि मोकळी होईल."

"मी कडक आहे, एवढंच."

"असाल. पुढच्याला पाठवा."

जाळीच्या टोपीखाली किती अक्कल असते, ते मला त्या दिवशी कळलं. चादरींच्या घड्या मोजणाऱ्या बाईला माणसं काय ओळखता येणार.

संध्याकाळी मामा नाचायचे बाकी होते. "माझा विद्यार्थी! खुर्ची नीट उचलली असणार!" मामींनी फलकावर खाली माझं नाव रंगवलं, थोडं तिरकं. मामांनी धड्यात भर घातली: 'स्टूल ठोकलेला असल्यास उचलू नये.' नव्या तुकडीनं ते वाक्य पाठ केलं. पडदे बदलले, म्हणून टाय आता तपकिरी आहेत. घाम्याला कारखान्याकडून खोली मिळाली. मी गादीच्या खुर्चीत बसते. समोर नवा ठोंब्या दोन्ही हातांनी खुर्ची उचलतो.

"पुढचा!"

मुलाखतीच्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या घाम्याच्या टायची गाठ मी बांधून दिली होती. त्याला ती येत नव्हती.