फोनमधलं घड्याळ

मशीन कोणाच्या पार्टीची नसते, असं लोकेंद्र सांगून राहिला होता, अन् दुकानातली माणसं माना हलवून राहिली होती. माह्या डोक्यात तिडीकच गेली.

आमच्या चिचगडकडच्या गावात यंदा सरपंचपद बाईसाठी सुटलं. एकीकडे लोकेंद्रची वहिनी उभी, दुसरीकडे माही मैत्रीण ओमेश्वरी. आमचा बचत गट शाळेत पोराइची खिचडी शिजवते, त्याची ती अध्यक्ष. सांडलेला तांदूळबी वेचून पोत्यात टाकणारी बाई! अन् हा लोकेंद्र आपल्या खताच्या दुकानात येईल त्याच्यासमोर फोन धरायचा. सर्चमध्ये नुसतं 'ओमे' टाकलं, की खाली आपोआप यायचं, 'ओमेश्वरी तांदूळ चोर'. आपण कुठं काही म्हटलं, नेटले सगळं माहीत रायते, असं वरून सांगायचा.

मी भांडणार होती, पण डोळ्यानं दिसलेलं खोटं कसं म्हणावं? घरी येऊन माह्या फोनवर 'ओमे' टाकलं, तर त्याच अक्षरांची कोणती तरी ताकदीची गोळी आली. जाऊबाईच्या फोनवरबी तीच गोळी. मंग याच्याच फोनले काऊन माहीत? आता फोनबी पार्टी धरून राहिले का बाप्पा? त्या नादात एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजची बाही मी उलटी शिवली.

बाही उसवली अन् कटिंग पाह्याले फोनमध्ये 'क' टाकला. मागच्या हप्त्यात विचारलेलं 'कटोरी ब्लाऊज कटिंग' पूर्णच्या पूर्ण वर आलं. बाजूले बारकं घड्याळाचं चित्र. रोज समोर येते, पण मी ते कधी धड पाहिलंच नव्हतं. अगं बाई, म्हटलं, हा तं माह्यंच बोलणं मले वापस देऊन राहिला!

दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी पाहूनच गेली. का जी लोकेंद्रभाऊ, पाहू तुमचा फोन, म्हणून हातात घेतला अन् सगळ्याइसमोर 'के' टाकलं. 'केस काले कैसे करें' आलं, घड्याळासकट. मंग 'ओमे' टाकलं. तेच घड्याळ.

"घड्याळ म्हणजे आपणच आधी विचारलेलं," मी सांगितलं. "चोर नेटनं नाही म्हटलं. यानं म्हटलं."

जीवनलालकाका तर हसता हसता खोकलले. लोकेंद्रचं तोंड एवढंसं झालं. मी हवेतच होती. पाहा आपापल्या फोनवर, येते का कुठं, असं साऱ्याइले ठणकावून घरी आली.

लोकाइनं पाहिलं. पण दोन अक्षरं टाकून कोण थांबते? येते का पाहू, म्हणून ज्यानं त्यानं पूर्णच टाकलं, 'ओमेश्वरी तांदूळ चोर'.

मतदान तोंडावर आलं अन् पार्वताबाईनं मले पिठाच्या चक्कीवर गाठलं. माह्या फोनमध्येबी येऊन राहिलं अल्का, म्हणे. मी पुन्हा घड्याळ समजावलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, मानही हलवली.

"हाव, समजलं," ती म्हणाली. "पण सगळ्याइच्या फोनवर येते म्हणजे थोडंबहुत असलंच ना."

मी तशीच ओमेश्वरीकडे गेली. ती भाकरीचं पीठ मळून राहिली होती. तिची पोरगी प्रेरणा आईचा फोन घेऊन ओझोनचा धडा शोधत बसली होती. तिनं 'ओ' टाकला अन् बोट तिथंच थांबलं. मी वाकून पाहिलं, तर तेच 'तांदूळ चोर', बाजूले घड्याळ.

घड्याळाचं एव्हाना गावातल्या लेकराइलेबी माहीत झालं होतं. प्रेरणानं आईकडे पाहिलं. हे तू विचारलं का, म्हणाली.

ओमेश्वरीनं मान वर केली नाही. येते का म्हणून एक डाव पाहिलं होतं, असं हळूच बोलली.

"पण तुले तं माहीत होतं ना आई," प्रेरणा म्हणाली. "मंग फोनले कायले विचारलं?"

ओमेश्वरीचे हात पिठातच राहिले. पोरगी एकदा आईकडे, एकदा माह्याकडे पाहून राहिली होती.