आजोळच्या रकान्यातला नंदी

साल २०१९. तेव्हा उदगीरला आमच्या लिंगायत समाजातल्या लग्नाळू मुलामुलींची यादी मी सांभाळत होते. आधी वह्या होत्या, मग भाचा हरिओमने सगळं कॉम्प्युटरच्या एका फाइलीत उतरवून दिलं. एका माणसाची एक ओळ: नाव, गाव, शिक्षण, गोत्र, अगदी शेवटी आजोळचं गोत्र. काळ्या पडद्यावर ग्रेप ही शोधायची आज्ञा लिहून शब्द टाकला की तो शब्द असलेल्या ओळी उतरायच्या. सगळ्या पांढुरक्या, काना-मात्रा विस्कटलेल्या.

शेजारची रत्नम्मा एका दुपारी आली. तिच्या मंजुश्रीने तिशी गाठली होती. एका लग्नात भेटलेला चाकूरचा राजशेखर तिच्या मनात भरला होता आणि त्याच्या घरून विचारणाही आली होती.

"उमाक्का, गुपचूप गोत्र बघा. आमचं नंदी. त्यांचंबी तेच निघालं तर भाऊच की तो."

समोरच्यांना गोत्र विचारलं म्हणजे बोलणी सुरू झाली, म्हणून आधी माझ्याकडे यायची रीत.

मी नंदी टाकलं. दीडशे ओळी आल्या, त्यांत राजशेखर होता. डोळे शिणले होते. "न्हाई जमत, रत्ना," म्हटलं.

कारण न सांगता रत्नम्माने चाकूरला नकार कळवला. मंजुश्री माझ्याशी बोलेनाशी झाली.

दोन महिन्यांनी बहिणीची नात स्वप्नाली नांदेडहून आली.

"आजी, हे काय करून राहिलात? ग्रेपला रंगच लावला न्हाई कुणी."

"या वयात कशाला रंग?"

"तुम्हाला न्हाई, अक्षरांना."

तिने सेटिंगच्या फाइलीत एक ओळ घातली आणि पुन्हा नंदी शोधलं. आता तेवढाच शब्द लाल दिसत होता. काही ओळींत मध्ये, काहींत अगदी टोकाला. राजशेखरच्या ओळीत टोकाला. त्याचं गोत्र वृषभ होतं. नंदी त्याच्या आजोळचं, आणि आजोळची आडकाठी आमच्यात नाही.

तशीच रत्नम्माकडे गेले. माझं चुकलं, म्हणाले.

"कुंकवाचा कार्यक्रम झाला त्याचा, लगीन ठरलं," ती म्हणाली. "चार दिवस झाले. देगलूरची पोरगी हाय."

मंजुश्री आतून बाहेर आली. "मावशी, असं किती जणींना न्हाई म्हटलंत?"

पुढचा महिना तेच मोजत बसले. सदतीस निघाल्या. त्यांतल्या ज्यांची लग्नं अजून व्हायची होती, त्या नऊ जणींच्या घरी स्वतः जाऊन सांगितलं. एक जमलं.

राजशेखरचं चाकूरला खताचं दुकान आहे. रत्नम्मा कोरोनात गेली. स्वप्नाली नांदेडलाच नोकरी करते. यादी मी समाजातल्याच मल्लम्माकडे सोपवली. मंजुश्री मुदखेडच्या शाळेत शिकवते, एकटी राहते. दिवाळीला आली की दारात उभी राहून माझी तब्येत विचारते. आत येत नाही.