बदामची राणी आणि अर्धा कोयता

मित्रांनो, बावन्न पानं मिळून मी एकटाच आहे. पत्त्यांचा जुना कॅट. माझ्या कडा झिजल्यात, चौकटच्या तिर्रीवर चहाचा डाग आहे, पण पान एकही हरवलेलं नाही. या एका गोष्टीचा मला ताठा आहे.

छापखान्यातून मी गेवराईच्या बाजारात आलो आणि तिथून तलवाड्याजवळच्या एका गावात. सोसायटीच्या ओट्यावर सहा वर्षं नांदलो. "पानं लई गुळगुळीत हायेत," म्हणून लोक माझं कौतुक करत. नवा कॅट आला तसं मला कोपऱ्यात भिरकावलं. गरज सरो, वैद्य मरो. तिथून मला वत्सलाबाईंनी उचललं.

वत्सलाबाई आणि त्यांचे मालक त्रिंबक दरवर्षी ऊस तोडायला पश्चिमेकडे जात. आमच्या भागात तोडणीला निघालेल्या जोडीलाच कोयता म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. कारखान्यावरच्या एका नर्सबाईंनी त्यांना एकट्यानं खेळायचा डाव शिकवला होता. नर्सबाई त्याला राजाराणीचं लग्न म्हणत. वत्सलाबाईंनी त्याचं नाव ठेवलं कोयता.

हा डाव तुम्हीही शिका. बदामची राणी उताणी मांडायची आणि बदामचा राजा कॅटाच्या अगदी तळाशी ठेवायचा. बाकीची पानं पिसून, वरून एकेक काढून राणीच्या पुढे ओळीत लावत जायची. दोन पानं एकाच रंगाची किंवा एकाच अंकाची निघाली आणि त्यांच्यामध्ये एक किंवा दोनच पानं अडकली असली, तर मधली उचलून टाकायची. किलवरची सत्ती आणि किलवरचा गुलाम यांच्यामध्ये इस्पिकची दश्शी आली, तर दश्शी बाहेर. अशी ओळ आखडत जाते. शेवटी राजा येतो. तो राणीला येऊन भिडला तर कोयता जुळला. मध्ये पानं उरली तर कोयता मोडला. दहा डावांत एखादाच जुळतो, उगाच कशाला खोटं सांगू.

दोन हजार तीनचा दुष्काळ पडला. सोसायटीनं माळावर चारा छावणी उघडली. दोन बैल आणि एक गाय सांभाळायला वत्सलाबाई छावणीत राहिल्या. त्रिंबकनं चुलतभाऊ रामहरीला जोडीला घेतलं आणि तो तोडणीला गेला. दिवसभर जनावरांचं करून वत्सलाबाई दुपारी पोत्यावर मला मांडत. राजा यायची वेळ झाली की त्यांचा हात जड व्हायचा. मला त्यांची फार काळजी वाटे.

पौषात सोसायटीच्या फोनवर तोडणी टोळीच्या मुकादमाचा निरोप आला. सेक्रेटरी अर्जुनराव तो घेऊन छावणीत आले. पन्नास एकरांचे धनी ते, त्यांनी ऊस फक्त चोखलेला.

"वत्सलाबाई, त्रिंबकचा कोयता मोडला म्हनं. दुसरा लौकर धाडा."

"मूठ मोडली का पातं?"

"मूठच आसंल. हत्यार हाय, मोडायचंच."

वत्सलाबाईंनी लोहाराकडून नवा कोयता करून घेतला, पाजळून घेतला आणि कारखान्याकडे निघालेल्या ट्रकमध्ये दिला.

नवव्या दिवशी दुपारी त्या डाव मांडून बसल्या होत्या. राजा आला आणि मध्ये चार पानं तशीच राहिली. शेजारच्या दावणीवरच्या चंद्रभागाबाईंनी वाकून पाहिलं.

"मोडला व्हय गं कोयता?"

वत्सलाबाईंचा हात ओळीवरच थांबला.

"चंद्रभागा, हत्यार न्हवतं गं मागितलं. मानूस मागितलं. रामहरी गेला आसंल सोडून."

"मंग बसलीस कावून? जनावरं मी बघते. नीघ."

त्यांनी मला गोळा करून पिशवीत कोंबलं आणि एसटी धरली. 

खरंच तसं झालं होतं. रामहरी दुसऱ्या टोळीबरोबर निघून गेला होता. त्रिंबक एकटाच तोडत होता, एकटाच मोळ्या बांधत होता. निरोप धाडल्यावर चौथ्या दिवशी दमल्या हातातून कोयता निसटला आणि पायावर बसला. आम्ही पोचलो तेव्हा तो कोपीत, पाचटाच्या झोपडीत, पडून होता. पाय सुजून काळा पडला होता. पुढं दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली.

त्या दिवशी वत्सलाबाईंनी त्याचा पाय मांडीवर घेतला, तेव्हा तो हळूच म्हणाला, "मी तुला बलावलं. तू हत्यार धाडलंस. मला वाटलं, तुला यायचंच न्हाई."

मित्रांनो, आता मी घरच्या फडताळात पडून असतो. वत्सलाबाई मला हात लावत नाहीत. मला वाईट वाटतं, पण राग येत नाही. तुमच्या घरी असा जुना कॅट असेल तर त्याला जपा आणि हा डाव जरूर खेळा. आणि कुणाचा निरोप आला, तर तो कुणासाठी, कशासाठी, हे उलटून एकदा विचारा. वत्सलाबाईंचं एवढंच विचारायचं राहिलं, आणि त्रिंबक नऊ दिवस ट्रकच्या आवाजाकडे कान लावून राहिला.