पाण्याची गोळी

हळूभाऊंच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला सुट्टी मानवत नसे. आठवडाभर तो बसच्या ब्रेकवर मुकाट्याने काम करायचा आणि सुट्टीची संध्याकाळ झाली रे झाली की लालबुंद होऊन फुगून बसायचा. मग त्याला चादरीचा स्पर्शसुद्धा खपत नसे.

"झाले का सुरू जावईबापूंचे लाड?" असं म्हणत बायको उशीवर ठेवलेल्या अंगठ्याला वळसा घालून केर काढायची.

डेपोत त्यांना हळूभाऊ म्हणत, ते काही चिडवायला नाही. त्यांनी गाडी थांबवली तर उभ्या माणसाच्या हातातला चहा हिंदकळायचा नाही. ब्रेक पायाने नव्हे, अंगठ्याने दाबायचा असतो, असं ते नव्या ड्रायव्हरांना सांगत. म्हणूनच मॅनेजरसाहेबांनी जेव्हा बोलावून सांगितलं की, "अंगठ्यापायी आणखी एक रजा पडली, तर मला तुम्हाला चौकशीच्या खिडकीत बसवावं लागेल, इलाज नाही," तेव्हा हळूभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. खिडकीत बसायचं आणि दुसऱ्यांच्या गाड्या कधी सुटणार ते सांगायचं! पट्टीच्या पोहणाऱ्याला काठावर टॉवेल सांभाळायला बसवावं, तशातली गत.

आणि नेमका पुढच्या सुट्टीला अंगठा पुन्हा फुगला.

सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे या वेळी बायकोही बरोबर आली, कारण बूट पायात जाईना आणि एका पायात बूट, एका पायात तिची जुनी सपात अशा अवतारात एकट्याने जायला हळूभाऊ तयार नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि कपाळाला आठी घातली. "गोळी वाढवली तरी युरिक ऍसिड हलायला तयार नाही. गोळी रोज घेताय ना?"

"रोज. एकही चुकवली नाही."

"बिअर? मटण?"

"अहो डॉक्टर, यांना नुसत्या वासावर ठेवलंय मी," बायको म्हणाली.

"आणि दुसरं औषध कुठलंच चालू नाही."

"नाही," हळूभाऊ म्हणाले. "ती पाण्याची गोळी तेवढी. मागे सांगितलं होतं तुम्हाला."

"हो, लक्षात आहे. ती चालू द्या, हल्ली नळाच्या पाण्याचा भरवसा नाही. हंड्यात टाकल्यावर अर्धा तास थांबता ना?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरीणबाईंकडे. "हंड्यात कशाला टाकतील? गिळतात की ते."

डॉक्टरीणबाईंनी हातातला रिपोर्ट खाली ठेवला.

"पाणी शुद्ध करायची गोळी गिळता?"

"शुद्ध करायची नाही हो," हळूभाऊ गडबडले. "अंगातलं पाणी काढायची. आमच्या डेपोच्या डॉक्टरांनी दिलीय, बीपीसाठी. लघवी होते भरपूर. म्हणून तर ड्युटीला घेत नाही मी. आमच्या रूटवर मध्ये कुठे सोय नाही, आणि भरलेली गाडी उभी करून कुठे जाणार? सुट्टीला घेतो. दोन घेतो एकदम, राहिलेल्या भरून काढायला."

"आणि ड्युटीवर पाणी किती पिता?"

हळूभाऊंनी सपातेकडे पाहिलं. "तेच ना. प्यायलं की पुन्हा तोच प्रश्न."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि त्या हसायला लागल्या; रागाने नाही, हातून निसटलेली वस्तू खिशातच सापडावी तशा. "चूक माझीही आहे. कुठली पाण्याची, असं एका शब्दाने विचारलं नाही मी. हे बघा, ती गोळी पाणी बाहेर काढते, पण ऍसिड आत अडवून धरते. म्हणजे मी इकडे बादल्या भरभरून उपसतेय आणि तिकडे तुम्ही नळ सोडून ठेवलाय. त्यात तुम्ही आठवडाभर कोरडे आणि सुट्टीला दोन-दोन. अंगठा बिचारा करणार काय? शिवाय माझी गोळी आणि ती, दोघींचा भार एकाच किडनीवर. माहीत असतं तर मी डोस असा वाढवलाच नसता."

"मग ती बंद करू?"

"मनाने काहीही बंद करायचं नाही. बीपीला खेळ वाटतो का?"

त्यांनी तिथूनच डेपोच्या डॉक्टरांना फोन लावला. बरंच बोलणं झालं. किडनीची तपासणी करायची, बीपीला अंगठ्याच्या वाटेला न जाणारी दुसरी गोळी, ती मात्र रोज, ड्युटी असो नसो. आणि पाणी प्यायचं.

"अंगठा लगेच वठणीवर येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण येईल. साहेबांना चिठ्ठी देते, थोडी सवलत द्या म्हणून."

साहेबांनी चिठ्ठी पाहून ती रजा माफ केली आणि हळूभाऊ पुन्हा गाडीवर आले. गोळ्यांपेक्षा पाणीच जड गेलं. पहिल्या दिवशी हळूभाऊंनी निम्मी बाटली संपवली आणि अर्ध्या वाटेवर त्यांच्या कपाळावर घाम आला. शेवटी त्यांनी कंडक्टरला खुणेने जवळ बोलावून कानात सांगितलं. कंडक्टरने चेहऱ्यावरची रेषही न हलू देता गाडीत पुकारलं, "पेट्रोल पंपावर पाच मिनिटं गाडी थांबेल. तांत्रिक कारण."

हळूभाऊ मान खाली घालून उतरले. पुरुषांच्या दारापाशी पोचून मागे वळून पाहतात तर त्यांच्यामागे निम्मी गाडी रांगेत उभी. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "देव तुमचं भलं करो. इतकी वर्षं या गाडीने जातोय, हे कारण कुणाला सुचलंच नाही."

तेव्हापासून पंपावरचा थांबा त्या गाडीला चिकटला तो चिकटलाच.

पुढच्या काही सुट्ट्यांना अंगठा कुरकुरला, पण बूट पायात जात होता. रजा पडली नाही. मग एका सुट्टीला संध्याकाळ झाली, दिवे लागले, हळूभाऊ सवयीने पाय उशीवर ठेवून अंगठ्याकडे पाहत बसले. अंगठा गप्प. त्यांनी तो हलवून पाहिला. दाबून पाहिला, अगदी हळू, ब्रेक दाबावा तसा.

"काय म्हणतात जावईबापू?" बायकोने विचारलं.

"काही नाही. परत गेले वाटतं आपल्या घरी."

"बरं झालं," ती म्हणाली आणि त्यांच्या पायाखालची उशी काढून घेऊन हातात शिडी दिली. "माळा आवरायचाय. तुमच्या अंगठ्यामुळे कधीचा राहिलाय."