स्वेच्छेने

"इथं सही, इथं तारीख. पाचच्या आत," कारकून म्हणाला आणि त्याने कागद टेबलावरून पुढे सरकवला.

मिस्त्रीने कागदाला हात लावला नाही. वाकून तिथेच वाचला. 'प्रशिक्षण सवलतीची मला पूर्ण माहिती देण्यात आली होती. ती मी स्वेच्छेने घेतलेली नाही.'

"हे कुणी लिहिलं?"

"छापीलच येतं. सगळ्यांना तेच."

हुद्दा हवालदाराचा, पण सगळी छावणी त्याला मिस्त्री म्हणे. छावणीचे दोन मोठे जनरेटर त्याच्या जिवावर चालत. उद्या त्याच्या नोकरीला अठरा वर्षं पूर्ण होणार होती. नियम साधा होता. जवानाला नोकरीत असताना एकदा, भरपगारी, वर्षभराचा डिप्लोमा करता येतो. मात्र अठरा वर्षं भरायच्या आत. मिस्त्रीने चार वेळा अर्ज केला आणि चारही वेळा तो एकाच शेऱ्यानिशी परत आला: 'अत्यावश्यक'. म्हणजे हा माणूस इतका कामाचा, की सोडता येत नाही.

पहिल्यांदा तो शेरा वाचून हा खुळा खूश झाला होता. बायकोला मुद्दाम फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "कौतुक ठेवा तुमच्यापाशी. बाहेर पडल्यावर लोक कागद मागतात." दोन वर्षांनी तो बाहेर पडणार होता, आणि कागद नसला तर इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगणाऱ्या या माणसाला फाटकावर शिट्टी घेऊन बसावं लागणार होतं.

आणि डिप्लोमा करून आलं कोण? ज्याने डिझेलच्या टाकीत पाणी ओतलं होतं, तो! त्याला सोडताना कुणाचं काही अडलं नाही. उलट वर्षभर इंजिनं सुखात होती. परत आला तो मिस्त्रीचा वरिष्ठ होऊनच. छावणीने त्याचं नाव 'डिप्लोमा' ठेवलं, आणि गडी ते मानाने मिरवू लागला. आता मिस्त्रीने केलेल्या कामाखाली त्याची सही लागे. ती होताना पाहून मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात जाई. नीट काम केलं हाच त्याचा गुन्हा ठरला होता.

आतल्या खोलीतून साहेब बाहेर आले. "मिस्त्री, मनाला लावून घेऊ नका. तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही."

"माहीत आहे साहेब. चार वेळा लिहून दिलंय तुम्ही."

"मग अभिमान वाटायला पाहिजे."

"वाटतो की. तेवढा 'स्वेच्छेने' खोडा, लगेच सही करतो."

"छापील कागदावर खोडाखोड चालत नाही."

"मग सहीपण चालणार नाही."

साहेब आत गेले. कारकून खुर्ची ओढून जवळ आला आणि हळूच म्हणाला, "बसून राहा. पाचपर्यंत इथून उठू नका. हजर राहून सही नाकारली तर फाईल वर जाते. वर विचारतात, चार वेळा का अडवला म्हणून. मागच्या वर्षी भटारखान्यातला एक जण असाच प्रशिक्षणाला गेला."

मिस्त्री बसला. अठरा वर्षांत कामाच्या वेळी तो असा कधी बसला नव्हता. साडेचार झाले होते.

पाचला वीस मिनिटं असताना वीज गेली. डोक्यावरचा पंखा थांबला. मिस्त्रीने सवयीने मनात आकडे मोजले. दहाच्या आत जनरेटर सुरू व्हायला हवा. तीस झाले, साठ झाले. मग घामाघूम डिप्लोमा दारात उभा राहिला.

"मिस्त्री, स्टार्ट घेत नाहीये. दोन्हीपण."

"डिझेलच्या नळीतली हवा काढलीस?"

"कुठली हवा?"

मिस्त्रीने डोळे मिटले. "दवाखान्याची बॅटरी किती वेळ पुरेल?"

"दहा मिनिटं म्हणतायत. आत एकाचं पोट उघडलंय."

कारकुनाने घड्याळाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मिस्त्रीने एक सणसणीत शिवी हासडली. ती डिप्लोमाला नव्हती, साहेबांनाही नव्हती. स्वतःच्या हातांना होती. मग तो उठला आणि पळत सुटला.

दवाखान्याला वीज देणारं इंजिन आठव्या मिनिटाला धडधडलं. दुसऱ्याने मात्र हट्ट धरला. तेही सुरू करून तो परतला, तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

कारकून त्याला बघून उभा राहिला. कागदावर सहीच्या जागेच्या वर ताजा शेरा होता: 'संबंधित जवान वेळेवर गैरहजर. सवलत स्वेच्छेने सोडली असे गृहीत धरले.' शेऱ्याखाली साहेबांची सही.

"मी सांगितलं त्यांना, तुम्ही कुठं गेलात ते," कारकून म्हणाला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, म्हणूनच तर यांना सोडता येत नाही."

मिस्त्रीने वाकून तो शेरा पुन्हा वाचला.

"मला याची झेरॉक्स द्या," तो म्हणाला.

"काय करणार घेऊन?"

"मी सही केली नाही, याला पुरावा. द्या."

वीज अजून आलेली नव्हती. कारकुनाने बटण दाबलं आणि जनरेटरवर झेरॉक्सचं यंत्र चालू झालं. गरम कागद बाहेर आला. मिस्त्रीचे हात कोपरापर्यंत डिझेलने काळे होते. सहीच्या रिकाम्या जागेवर अंगठ्याचा डाग पडू नये म्हणून त्याने तो कागद दोन बोटांनी, अगदी कडेला धरला.